आधी वाढा ना, बाई

पत्राचा सारांश: पत्रलेखिका चोविशीतली, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली. पदवी झाल्यावर गावच्या चर्चमध्ये साक्ष देऊन (म्हणजे सगळ्यांपुढे आपला विश्वास सांगून) आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, दिलेली पैशांची पाकिटं घेऊन ती एक वर्षासाठी मुंबईतल्या एका मिशनमध्ये स्वयंसेविका म्हणून आली. मिशन मध्य मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी दुपारचं जेवण, मुलांचा अभ्यासवर्ग आणि छोटासा दवाखाना चालवतं. पहाटे साडेपाचला प्रार्थना, मग भाजी चिरणं, टोप उचलणं, वाढणं, दुपारी मुलांचा वर्ग, संध्याकाळी कुणाला तरी इस्पितळात नेणं, साडेदहापर्यंत उपासना आणि फोन. ठरलेली सुट्टी नाही. अर्धं वर्ष झालं. आता ती सारखी चिडते, उपासनेत तिचा डोळा लागतो, एकदा वर्गातल्या मुलीवर हात उगारला गेला. जेवणाआधी रांगेकडून प्रार्थना म्हणवून घेतात, तेव्हा एक म्हातारा तिला म्हणाला, "म्हणतो हालेलुया, पण आधी वाढा ना, बाई." हे तिला फार लागलं. प्रमुखांशी बोलली तर ते म्हणाले, "ही आपली साक्ष आहे." तिचे प्रश्न असे: माझी श्रद्धा कमी पडतेय का? अर्ध्यात सोडलं तर देवाला आणि मंडळीला दिलेला शब्द मोडेल का? आणि मी गेले तर माझ्या मुलांचं काय?

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात श्रद्धेचा उल्लेख जागोजागी आहे. झोपेचा एकदाच, तोही गुन्हा कबूल केल्यासारखा. मी तिथूनच सुरुवात करते. पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा म्हणजे सतरा तास, आणि सुट्टी नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या माणसालासुद्धा आठवड्याला 48 तासांची मर्यादा आणि एक सुट्टी दिली होती. स्वयंसेवकांना तो कायदा लागू नाही, ठाऊक आहे मला. पण पाठ आणि गुडघे कायदा विचारून दुखत नाहीत. या वेळापत्रकात भक्त चिडेल, नास्तिक चिडेल, तुझे प्रमुखही चिडतील. त्यामुळे तुझी श्रद्धा किती उरली आहे हे मी सांगू शकत नाही, आणि माझं मत विचारशील तर आत्ता तूही ते तपासू नयेस. इतक्या कमी झोपेत माणसाला स्वतःचा फोन नंबर धड आठवत नाही.

मी ख्रिस्ती नाही, तेव्हा तुला शास्त्र शिकवायला जाणं हा आगाऊपणाच. तरी बायबलमधल्या पहिल्या राजे या पुस्तकातला एलीया तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्यापुढे देवदूताने प्रवचन केलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खायला सांगितलं. पुढच्या प्रवासाचं बोलणं त्यानंतर.

विश्रांतीची ही लाज तुझ्यात कुठून आली असेल, याचा मला थोडा अंदाज आहे. संडेस्कूलमध्ये ज्यांच्या गोष्टी सांगतात ते बरेचसे कामावर असतानाच गेलेले असतात. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले, वय अवघं 41. गोष्ट तिथे संपते आणि ऐकणाऱ्या पोरांच्या मनात बसतं की खरा सेवक आडवा पडतो तो एकदाच. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांची गोष्ट इतक्या हौसेने का सांगत नाहीत, कोण जाणे. 1827 मध्ये त्या मुंबईत आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, मग प्रकृती ढासळली तेव्हा सरळ मायदेशी गेल्या. बऱ्या झाल्यावर 1839 साली परत आल्या आणि तुमच्या नगरमध्ये 1862 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काम करत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन मुलींची जी शाळा पाहिली ती याच बाईंची, म्हणजे मधल्या रजेनंतरच्या कामातली. पुण्याला परतून 1848 मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. फरारबाई तब्येतीसाठी निघून गेल्या, त्यांचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खोटं होतं, असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी थकव्याच्या नावावर सोडून देणार नाही. मुलीवर हात उगारलास. मारलं नाहीस, घाबरलीस, पत्रात लपवलं नाहीस, हे सगळं तुझ्या बाजूने जमा. पण ती मुलगी रस्त्यावर राहते. हात उगारणारे तिला आजूबाजूला पुष्कळ आहेत, तुमचा वर्ग ही त्यातून सुटका होती. हे प्रमुखांना तू स्वतः सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. मुलीची माफी माग, थोडक्यात आणि न रडता, म्हणजे उलट तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागणार नाही. आणि रजेवरून परत येईपर्यंत वर्गावर एकटी बसू नकोस. मुलं ज्याच्या देखरेखीखाली आहेत त्यानेच त्यांना मारणं बालन्याय कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो, एवढं लक्षात ठेव. तुझ्यासारख्या शेकडो जणी आणि जण ठिकठिकाणच्या संस्थांमध्ये मुलांना शिकवतात. त्यांनाही सांगते, हात शिवशिवायला लागला की तो आपला नंबर आला असं समजा. मुलाचा नव्हे. उठा, बाहेर जा, दुसऱ्या कुणाला तरी आत पाठवा.

आता त्या म्हाताऱ्याकडे येऊ. माझ्या मते म्हातारा बरोबर आहे.

दुपारी एक वाजता, उन्हात, हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही काहीही म्हणायला सांगा, तो म्हणेल. त्या होकारात तुमच्या देवालाही काही मिळत नाही आणि त्यालाही. मिशनचंच असं होतं असंही नाही. आरती झाल्याशिवाय पंगत बसू न देणारी मंडळं मी पाहिली आहेत आणि देणगीदारांची भाषणं संपेपर्यंत पोरांना खाऊच्या पुड्यांसमोर ताटकळत ठेवणारे क्लबही. म्हणूनच याला धर्माचा प्रश्न करण्याआधी वाढण्याचा प्रश्न कर. स्वयंपाकघरात टोप बाहेर काढण्याआधी तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रार्थना करा, मनापासून, हवी तितकी. मग बाहेर या आणि वाढा. ज्यांना उपासनेला यायचं असेल त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ आहे, दार उघडं आहे, आणि तिथे जेवण नाही. जो तिथे येईल तो निदान भुकेपोटी आला नाही, एवढं तुम्हालाही कळेल.

प्रमुखांसमोर हे "तुम्ही चुकताय" असं मांडू नकोस. त्यांनी वर्षानुवर्षं महापालिकेच्या नजरेतून निसटलेल्या माणसांना जेवू घातलं आहे, तो मान त्यांचा आहे. एवढंच म्हण, "साहेब, पंधरा दिवस प्रार्थना आत करून बघू या का?" शिवाय तूच लिहिलं आहेस की हल्ली काही पोरं रांगेचं मोबाईलवर शूटिंग करतात आणि "धर्मांतर करता काय?" म्हणून विचारतात. घटनेचं कलम 25 धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचाही हक्क देतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्या बाजूने आधी वाढलं, मग बोललं, इतकं स्वच्छ असेल तर शूटिंग करणाऱ्यांना काय दिसणार? खिचडी. त्यांच्याशी वाद घालणं हे तुझं काम नाही. "ऑफिसात जबाबदार माणूस आहे, त्यांना भेटा," इतकंच सांग आणि वाढत राहा. वातावरण तापतंय असं वाटलं तर आतून कुणाला तरी बोलावून घे, एकटी उभी राहू नकोस.

प्रमुखांनी हे ऐकलंच नाही तर? तर निदान तू म्हणायला लावू नकोस. त्या वेळात आत टोपापाशी काम घे. हे सौम्य आहे, पण सगळ्यांना दिसेल असं आहे.

"माझ्या मुलांचं काय?" हा तुझा सगळ्यात हळवा प्रश्न, आणि सगळ्यात घसरडाही. कारण त्यात प्रेम आहे आणि थोडा मीपणाही आहे. सेवेत हा मीपणा सहज शिरतो, याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पण बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाच. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं, रात्रभर पाहिलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले, याची काळजी घे, जास्त लागलं तर परत येईन तेव्हा देईन असं सांगितलं, आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याला त्याचंही काम होतं. उतारशाळेच्या त्या मालकाबद्दल कुणी प्रवचन करत नाही, पण माणूस बरा झाला असेल तर त्याच्याकडेच. तुझ्या वर्गाला तसा कुणी आहे का, हे बघणं तुझ्या हातात आहे. कोणतं मूल कुठल्या धड्यापर्यंत आलं, कुणाचा दाखला महापालिकेच्या शाळेत झाला आणि कुणाचा अडकलाय, कुणाला मामा मारतो, कुणाच्या आईला दर महिन्याला कुठल्या दिवशी इस्पितळात जायचं असतं, हे आत्ता फक्त तुझ्या डोक्यात आहे. ते एका वहीत उतरव. वही कुलपात राहील आणि फोटो काढून ग्रुपवर जाणार नाही याची व्यवस्था कर. जो कुणी तुझ्या जागी येणार असेल त्याला दोन आठवडे तुझ्या शेजारी बसव. एवढं केलंस तर तू वर्षभर राहा किंवा पुढच्या महिन्यात नीघ, मुलांच्या बाजूने फरक कमी पडेल. आणि मुलांना आपली तारीख सांग. रस्त्यावरच्या मुलांना न सांगता निघून जाणाऱ्या माणसांची सवय असते.

रोजच्या कामातल्या काही गोष्टी तू ओझरत्या लिहिल्यास, त्यावर मी ओझरती जाणार नाही.

पैसे. औषधासाठी म्हणून एका मावशीला तू स्वतःच्या पाकिटातून दोन हजार दिलेस आणि आता रोज दोघंतिघं दारात असतात. दारात येणारी माणसं लबाड नाहीत. एका ठिकाणी मिळालं तर बाकीचे येणारच, तू त्यांच्या जागी असतीस तर तूही आली असतीस. पण यापुढे रोख नको. औषध हवं असेल तर चिठ्ठी घेऊन सोबत मेडिकलमध्ये जा. ते आणि भाडं, दोन्ही संस्थेच्या खात्यातून, नोंद करून. स्वतःच्या खिशातून द्यायचंच असेल तर महिन्याची एक रक्कम ठरव आणि ती प्रमुखांना देऊन टाक. कुणाला द्यायची ते तुझ्या दयेने ठरू नये.

जखमा. पायाच्या जखमेत अळ्या झालेल्या काकांचं ड्रेसिंग तू यूट्यूब बघून केलंस, हे वाचून मी उठून उभी राहिले. पुन्हा करू नकोस. अळ्या पडलेली जखम बहुधा मधुमेहाची किंवा बधिर पायाची असते, वरून जेवढी दिसते त्यापेक्षा आत खोल असते, आणि ती सर्जरीच्या ओपीडीत साफ करायची गोष्ट आहे. दवाखान्यात डॉक्टर येतात त्या दिवशी त्यांनी बघावं. नाहीतर केईएम, नायर, सायन यातलं जे जवळ असेल तिथे न्यावं, चालवत नसेल तर 108 ला फोन. हातमोज्यांशिवाय रक्त-पू याला हात लावायचा नाही. तुझं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, आणि हेपॅटायटिस बी चे तीन डोस? पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. वर्षभरासाठी येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला हे पहिल्या आठवड्यात देणं संस्थेचं काम आहे, पण मागितल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षात येत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा माणूस दिसला तर त्याला थुंकीच्या तपासणीला पाठव. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यांत फुकट आहेत. आणि तुझ्या वर्गाची खोली बंद असते, असं वाटतंय. खिडक्या उघड्या ठेव.

मुलं. रात्री एखादं मूल एकटं सापडलं तर त्याला आपल्या खोलीत झोपवायचं, हे कितीही प्रेमाचं वाटलं तरी करू नकोस. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन कर. सापडलेल्या मुलाची खबर 24 तासांत देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि पुढचा निर्णय बालकल्याण समितीचा. वाढदिवस साजरा करायला येणारे पाहुणे केकच्या मागे मुलांना उभं करून फोटो काढतात ना, डिसेंबरात तर रांगच लागते त्यांची. प्रवेशदारावर फोन जमा करायची पद्धत घालता आली तर बघ. पहिल्या वर्षी दोन-चार देणगीदार रुसतील. रुसू देत.

फोन. रात्री साडेनऊनंतर तुझा नंबर बंद. संस्थेचा एक फोन असावा आणि तो पाळीपाळीने एकेकाकडे असावा. आजवर तुझ्या नंबरवर रात्री आलेल्या फोनांपैकी किती खरोखर सकाळपर्यंत थांबू शकले नसते, हे एकदा आठवून बघ.

आता राहायचं की जायचं.

आहे तसं ओढत राहणं हा पर्याय मी बाजूला ठेवते. हात उगारला गेला तेव्हाच तो संपला. उद्याच बॅग भरून निघणं हेही मला पसंत नाही, कारण तू ते नंतर वर्षानुवर्षं पळून जाणं म्हणून आठवशील. मला वाटतं तू आधी आठ-दहा दिवस घरी जावंस. निर्णय घ्यायला नाही, झोपायला. पहिले तीन दिवस आईशी मुंबईबद्दल एक शब्द बोलू नकोस आणि तिलाही तसं आधी सांगून ठेव. ती "पगार नाही, सुट्टी नाही, मग हे काय चाललंय?" म्हणते, त्यात निम्मी काळजी आहे आणि निम्मं आत्याने आणलेलं स्थळ. स्थळाचं उत्तर वेगळं दे. दोन्ही एका वाक्यात मिसळलंस तर दोन्ही हरशील.

परत गेल्यावर प्रमुखांपुढे लेखी चार ओळी ठेव: आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, रोज मधे दोन तास स्वतःचे, इस्पितळात नेण्याची पाळी दुसऱ्या कुणाबरोबर वाटून, आणि दर पंधरा दिवसांनी कुणातरी अनुभवी माणसाशी एक तास बोलणं. तो माणूस तुझा प्रमुख नसावा. चर्चमधल्या एखाद्या निवृत्त नर्सबाई चालतील, समाजकार्याचे प्राध्यापक चालतील. हे मान्य झालं तर वर्ष पूर्ण कर, आणि मला वाटतं तुला ते आवडेलही, कारण वर्गाबद्दल लिहिताना तुझं अक्षरसुद्धा बदललं आहे. मान्य झालं नाही तर महिनाभराची सूचना दे, वही सोपव, मुलांना तारीख सांग आणि नीघ. मुंबईतच नोकरी मिळाली तर शनिवारी वर्ग घ्यायला ये. आठवड्याला तीन तास नेमाने येणारा माणूस संस्थांना किती हवा असतो, हे वर्षभर राहायला येणाऱ्यांना कळत नाही. आणि मधल्या काळात रडू थांबेना, सकाळी उठावंसंच वाटेना, नको ते विचार यायला लागले, तर रजेचीही वाट न पाहता 14416 ला फोन कर. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उरली मंडळी. तुला सगळ्यात जास्त धाक त्यांचाच आहे, देवाचा तितका नाही, असं मला पत्रावरून वाटलं. पाकिटं देणाऱ्यांनी तुझं वर्ष विकत घेतलेलं नाही. पण पैशांचा हिशेब विचारायचा त्यांना हक्क आहे, आणि तो तू न विचारता दिलेला बरा. एक पान लिही: किती जमले, प्रवासात, खोलीत, औषधात किती गेले, किती उरले. त्याखाली या सहा महिन्यांत तू काय केलंस ते साध्या शब्दांत, किती मुलं शाळेत लागली, कोणती कामं अडली, काय जमलं नाही. लवकर निघालीस तर उरलेली रक्कम कुणाला द्यायची हे पाळकसाहेबांना विचारून ठरव. हे पान रविवारच्या उपासनेआधी त्यांच्या हातात दे आणि वाचून दाखवायचं का, ते त्यांच्यावर सोड. मंचावर उभी राहून पुन्हा साक्ष द्यायला तू आत्ता बांधील नाहीस. कुणी आग्रह केलाच, तर "नाताळनंतर बघू" म्हण.